वाटणी, होकार आणि न्याय : अर्थशास्त्रातले काही प्रयोग

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीच्या कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मी अर्थशास्त्र असे सांगितले. त्यांचे चेहरे जरा पडले. वर्धापनदिनाला लोक घरदार आवरून, लेकरंबाळं घेऊन येतात, आणि हे गृहस्थ बजेटवर बोलणार! (हशा) मी बजेटवर बोलणार नाही. मी वाटणीवर बोलणार आहे. वाटणी हा घराघरातला विषय आहे. भावाभावांत घराची वाटणी, चाळीत पाण्याच्या वेळेची वाटणी, मंडळात कामाची वाटणी. आणि वाटणी म्हटली की दोन प्रश्न आलेच. कुणाला किती मिळालं, हा एक. ते ठरवलं कुणी, हा दुसरा. मी तर असं पाहिलं आहे की भांडणं पहिल्यापेक्षा दुसऱ्यावरूनच जास्त पेटतात.

या दोन प्रश्नांवर गेली चाळीसेक वर्षे अर्थशास्त्रज्ञ प्रयोग करीत आले आहेत. प्रयोग म्हटले की आपल्याला शाळेतली परीक्षानळी आठवते. इथे परीक्षानळी नसते. खरी माणसे एका खोलीत बसवतात, त्यांच्या हाती खरे पैसे देतात, नियम समजावून सांगतात आणि माणसे काय करतात ते लिहून ठेवतात. मग नियमातली एकच गोष्ट बदलतात आणि पुन्हा बघतात. याला प्रायोगिक अर्थशास्त्र म्हणतात. २००२ साली व्हर्नन स्मिथ आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता.

आता एक खेळ करू. ही शंभराची नोट. पहिल्या रांगेतल्या या ताईंना मी ती देतो. शेजारच्या मावशींना त्यातले किती द्यायचे ते ताईंनी ठरवायचं. मावशींनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं तर ताई म्हणतील तशी वाटणी होईल. नाही म्हटलं तर नोट माझ्या खिशात परत, दोघींनाही काही नाही. घासाघीस नाही, दुसरी संधी नाही. समजा ताईंनी नव्वद स्वतःला ठेवले आणि मावशींना दहा दिले. मावशी, घ्याल?

(मावशी : "दहा रुपये तिच्याच अंगावर फेकीन!" मोठा हशा, टाळ्या.)

पण मावशी, मग तुम्हालाही काही मिळणार नाही. ("नसू दे.")

झालं. जुनं पुस्तकी अर्थशास्त्र इथेच अडखळतं. त्या पुस्तकांप्रमाणे मावशींनी दहाच काय, एक रुपयासुद्धा घ्यायला हवा होता. कारण काहीच नसण्यापेक्षा एक रुपया बरा. आणि हे ताईंना माहीत असल्यामुळे ताईंनी एकच रुपया द्यायला हवा होता. १९८२ साली जर्मनीत वेर्नर ग्यूट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा प्रयोग पहिल्यांदा छापून प्रसिद्ध केला. पुढे तो देशोदेशी झाला. देणारे साधारणपणे चाळीस ते पन्नास टक्के देतात. वीस टक्क्यांपेक्षा कमी दिले तर घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक नाही म्हणतात. पदरचं नुकसान सोसतात, पण अपमानाचा तुकडा उचलत नाहीत.

सगळीकडे सारखंच घडतं असं मात्र नाही. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सोबत्यांनी पंधरा छोट्या समाजांत हा खेळ नेला. पेरूच्या जंगलातले माचिग्वेंगा लोक सरासरी २६ टक्केच देत, आणि घेणारे ते मुकाट घेत. इंडोनेशियात लामालेरा नावाचं गाव आहे, तिथली माणसं एका होडीत बसून देवमाशाची शिकार करतात. त्यांनी सरासरी निम्म्याहून जास्त देऊ केलं. ज्यांचं पोट एकमेकांच्या वल्ह्यावर अवलंबून, त्यांचा हात सैल, असा त्यातून अर्थ निघतो. मला तो पटतो, पण पुढे जाऊ.

कुणी म्हणेल, शंभर रुपयांत काय, मान राखणं परवडतं. रक्कम मोठी असती तर? अगदी रास्त शंका. आणि ती तपासली गेली ती आपल्याच देशात. ईशान्य भारतातल्या खेड्यांत पाच संशोधकांनी हाच खेळ २० रुपये, २०० रुपये, २,००० रुपये आणि २०,००० रुपये अशा चार रकमांवर खेळवला. २०११ साली तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वीस रुपये म्हणजे तिथल्या मजुराची दोनएक तासांची कमाई. वीस हजार म्हणजे कित्येक महिन्यांची. देणाऱ्यांना आधीच सुचवून ठेवलं होतं की कमी द्याल तर तुमचा फायदा. निकाल काय लागला? रक्कम वाढत गेली तसे नकार कमी होत गेले, आणि वीस हजारांवर ते जवळजवळ संपले.

यावर काही जण म्हणतात, बघा, शेवटी पैसाच खरा, न्याय-बिय ही चैनीची भाषा. मला हा अर्थ मान्य नाही. वीस हजारांतले दोन हजार हातातून सोडणं मजुराला परवडत नाही, एवढंच तो प्रयोग सांगतो. ती वाटणी त्याला बरोबर वाटली, असं तो सांगत नाही. मुकादम उचल देतो आणि कागदावर अंगठा घेतो. तो अंगठा आहे, होकार आहे का? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो ला किंमत किती? ही गोष्ट जरा मनात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

आतापर्यंत एका माणसासमोर एक माणूस होता. आता गटाकडे येऊ. एकटा माणूस स्वार्थी असेल, पण चार डोकी एकत्र बसली की विचार निघेल, समज वाढेल, असं आपण धरून चालतो. १९९८ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले गॅरी बोर्नस्टाइन आणि इलान यानिव यांनी हा शंभर रुपयांचाच खेळ तिघा-तिघांच्या गटांत खेळवला. तिघांनी आपसात बोलून ठरवायचं, समोरच्या तिघांना किती द्यायचे. निघालं असं की गट एकट्या माणसापेक्षा कमी देतो! आणि घेणारा गटही एकट्यापेक्षा कमीवर राजी होतो. एकट्याला जी लाज वाटते ती तिघांत वाटली जाते, मग कुणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही. हे माझं म्हणणं आहे, त्यांचं नव्हे. त्यांनी सभ्य भाषेत गट जास्त 'तर्कशुद्ध' वागतो असं लिहिलं आहे. समितीत काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. (हशा) अध्यक्षांनी रागावू नये.

म्हणजे नुसतं एकत्र बसून भागत नाही. मग काय केलं म्हणजे एकत्र बसलेली माणसं न्यायाने वागतील? माझ्या मते या सगळ्या शाखेतला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग याच प्रश्नावरचा आहे. त्याला थोडा वेळ देणार आहे.

अमेरिकेत जॉन रॉल्स नावाचे तत्त्वज्ञ होऊन गेले. १९७१ साली त्यांचा 'अ थिअरी ऑफ जस्टिस' हा ग्रंथ आला. त्यांची कल्पना साधी आहे. समाजाचे नियम ठरवायला माणसं बसवा, पण मध्ये पडदा टाका. आपण या समाजात कोण म्हणून जन्मणार हे कुणालाच माहीत नाही. मालक की मजूर, बाई की पुरुष, धडधाकट की अपंग, काहीच ठाऊक नाही. आपण असतो तर म्हटलं असतं, वेशीच्या आतला की बाहेरचा, हेही ठाऊक नाही. अशा वेळी माणसं जे नियम ठरवतील ते न्याय्य. रॉल्स यांचा तर्क असा की आपणच सगळ्यात खाली जाऊ या भीतीने माणसं असा नियम निवडतील, की ज्यात सगळ्यात खालच्या माणसाला जास्तीत जास्त मिळेल.

हा झाला कागदावरचा तर्क. नॉर्मन फ्रोलिक आणि जो ओपनहायमर या दोघांनी म्हटलं, खरोखर बसवून बघू. फ्रोलिक कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात, ओपनहायमर अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात. पहिले निकाल त्यांनी शेरिल ईव्ही यांच्यासह १९८७ साली प्रसिद्ध केले आणि १९९२ साली त्यावर दोघांचं पुस्तक निघालं.

पाच-पाच विद्यार्थ्यांचे गट केले. त्यांना वाटणीची चार तत्त्वं शिकवली. एक तत्त्व रॉल्स यांचं, सगळ्यात खालच्याचं उत्पन्न जास्तीत जास्त. दुसरं, खालच्या-वरच्याचा विचारच नको, सगळ्यांची मिळून सरासरी जास्तीत जास्त. तिसरं, सरासरी वाढवा, पण त्याआधी एक तळ बांधा, त्या तळाखाली कुणीही जाता कामा नये. चौथं, सरासरी वाढवा, पण वरचा आणि खालचा यांच्यातल्या अंतराला मर्यादा घाला. शिकवलं आणि परीक्षाही घेतली, नीट कळलं आहे ना म्हणून. मग सांगितलं, आता पाचांनी चर्चा करून एकच तत्त्व एकमताने निवडा. तुमचं उत्पन्न कोणत्या वर्गातलं हे त्यानंतर चिठ्ठीने ठरेल, आणि तुम्ही निवडलेल्या तत्त्वाप्रमाणे खरे डॉलर हातात पडतील. एकमत झालं नाही तर वाटणी कशी व्हायची तेही नशिबावर सोडलं जाईल. तळाचं तिसरं तत्त्व निवडायचं असेल तर नुसतं तळ म्हणून चालणार नाही, तळ किती डॉलरचा तो आकडा सांगावा लागेल.

हे शेवटचं कलम मला फार आवडतं. गरिबांना आधार मिळाला पाहिजे असं कोणीही व्यासपीठावरून म्हणतो. किती, ते सांगा म्हटलं की घसा कोरडा पडतो.

निकाल असा. गट सहसा एकमतावर आले. इतके मतभेद, इतकी वेगवेगळी घरची परिस्थिती, तरी आले. आणि बहुसंख्य गटांनी निवडलं ते तिसरं तत्त्व. आधी तळ बांधा, मग वर ज्याची जेवढी धाव तेवढं त्याला मिळू द्या. रॉल्स यांचं तत्त्व जवळजवळ कुणीच घेतलं नाही. सरासरीचं कोरडं तत्त्वही थोड्यांनीच घेतलं. चर्चेत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या. गरजवंत उघड्यावर पडता कामा नये. ज्याने कष्ट केले त्याचं त्याला मिळालं पाहिजे. आणि काम करायची उमेद राहिली पाहिजे. तळाच्या तत्त्वात या तिन्ही गोष्टींना जागा होती. पोलंडमध्येही असे प्रयोग झाले. तिथे इतकी वर्षं दुसरीच राज्यपद्धती होती, तरी तिथेही तळाच्या तत्त्वाचीच सरशी झाली.

हे कॉलेजातले विद्यार्थी होते, गिरणी कामगार नव्हते, हे मला मान्य आहे. खिशातून त्यांचं काही जाणार नव्हतं, मिळायचं तेवढंच कमी-जास्त होणार होतं. तरीही मघाशी मनात ठेवायला सांगितलेली गोष्ट इथे जोडून बघा. वीस हजारांपुढे मजुराला नाही म्हणता आलं नाही, कारण त्याच्या पायाखाली तळ नव्हता. ज्याच्या पायाखाली तळ आहे तोच मावशींसारखं 'नसू दे' म्हणू शकतो. तळ म्हणजे भीक असं काही लोक समजतात. मला वाटतं, तळ म्हणजे नाही म्हणण्याची ताकद.

पण लगेच दुसरा आक्षेप येतो. आपल्यातले चार पैसे कमावलेले लोकही तो घेतात, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. आक्षेप असा, की फुकट मिळायला लागलं की माणूस काम सोडतो. फ्रोलिक आणि ओपनहायमर यांनी हेही तपासलं. पुढच्या प्रयोगात चिठ्ठीऐवजी काम ठेवलं. उताऱ्यांतल्या स्पेलिंगच्या चुका शोधायच्या, जितकं काम तितकी कमाई. मग ठरलेल्या तत्त्वाप्रमाणे जास्त कमावणाऱ्याकडून कर कापायचा आणि खाली राहिलेल्याला भर द्यायची. असं फेरीमागून फेरी. काही गटांनी तत्त्व स्वतः चर्चा करून ठरवलं होतं. काही गटांवर तेच तत्त्व वरून लादलं होतं. १९९० साली त्यांनी निकाल छापला. ज्यांनी स्वतः ठरवलं होतं त्या गटांत भर मिळणाऱ्यांचं काम कमी झालं नाही, उलट वाढत गेलं. लादलेल्या गटांत तसं झालं नाही. कर तोच, भर तीच, नियम तोच. फरक एवढाच की एका खोलीत आधी त्यांना विचारलं होतं.

विचारल्याने एवढा फरक पडतो का? शंका घेणारे असं म्हणू शकतात की ज्यांनी चांगला नियम निवडला ती माणसंच मुळात चांगली असतील. ही शंका फेडायला अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात पेद्रो दाल बो, अँड्र्यू फॉस्टर आणि लुई पुटरमन यांनी एक युक्ती केली. २०१० साली त्यांचा निबंध आला. लोकांनी मतदान करायचं, की एकमेकांना फसवणाऱ्याला तोटा होईल असा नियम आणावा की नाही. मग संगणक नाणं उडवल्यासारखं ठरवणार, यांचं मतदान मोजायचं की गुंडाळून ठेवायचं. गुंडाळलं तर नियम आणायचा की नाही तेही संगणकच ठरवणार, आणि लोकांना तसं सांगितलं जाणार. त्यामुळे नियमाच्या बाजूने मत दिलेल्या दोन माणसांची तुलना करता आली. एकाला तोच नियम मतांनी मिळाला, दुसऱ्याला तोच नियम यंत्राने दिला. मतांनी मिळालेल्या नियमाखाली लोक जास्त सहकार्याने वागले.

इथे बसलेल्यांना बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण आठवलं असेल. त्या भाषणात त्यांनी भिक्खुसंघाच्या सभांचा दाखला दिला होता. बसण्याची व्यवस्था, ठराव मांडणे, गणसंख्या, मतांची मोजणी, गुप्त मतदान हे सगळे नियम संघाला माहीत होते, असं त्यांनी सांगितलं. मतदान शलाकांनी, म्हणजे काड्यांनी होत असे. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे विद्यार्थी, रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ चा. ठराव आधी मांडा, मग विचारा, मग मोजा, ही पद्धत माणसाच्या वागण्यातच फरक पाडते हे प्रयोगशाळेत दिसायला २०१० साल उजाडलं.

आता वर्गणीकडे येऊ. (हशा) हसू नका, वर्गणीचासुद्धा खेळ आहे, आणि जगभर तो पुष्कळ खेळला गेला आहे. चौघांना प्रत्येकी वीस नाणी देतात. मध्ये सामाईक पेटी. पेटीत एक नाणं टाकलं की त्याची किंमत दीडपटीहून थोडी जास्त होते आणि ती चौघांत सारखी वाटली जाते, म्हणजे प्रत्येकाला चार दशांश. चौघांनी सगळी नाणी टाकली तर प्रत्येकाकडे वीसची बत्तीस होतात. पण ज्याने काहीच टाकलं नाही त्याची वीस शाबूत, वर इतरांच्या पेटीतला हिस्साही मिळतो. पुढे काय होतं ते तुम्ही सांगू शकाल. पहिल्या फेरीत लोक साधारण निम्मी नाणी टाकतात. फुकटे दिसायला लागले की बाकीचेही हात आखडतात, आणि दहाव्या फेरीपर्यंत पेटीत खडखडाट होतो. २००० साली एर्न्स्ट फेअर आणि सिमोन गेश्टर यांनी एक नियम वाढवून बघितला. स्वतःचे थोडे पैसे खर्चून फुकट्याला दंड करता येईल. दंड करणाऱ्याला मिळत काहीच नाही, त्याचंही जातंच. तरी लोकांनी दंड केला आणि पेटी भरू लागली.

म्हणजे कुणीतरी पदरचं घालून अन्यायाला आडवं यावं लागतं. मग प्रश्न असा, की आडवं कोण येतं? याचं उत्तर शोधायला कार्ला हॉफ, मयुरेश क्षेत्रमाडे आणि तेच एर्न्स्ट फेअर उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत गेले. निबंध २०११ चा. तिघांचा खेळ. एकाने दुसऱ्यावर विश्वास टाकायचा, दुसरा फसवू शकतो, आणि हे बघणारा तिसरा पदरचे पैसे घालून फसवणाऱ्याला दंड करू शकतो. तिसरा कधी वरच्या मानलेल्या जातीचा, कधी खालच्या मानलेल्या. आपल्याच जातीचा माणूस फसवला गेला तर वरच्या जातीचे लोक दंड करायला पुढे येत. खालच्या मानलेल्या जातींचे लोक त्या मानाने फारच कमी पुढे येत. संपत्ती, शिक्षण, राजकारणाचा अनुभव हे सगळं हिशेबात धरूनही फरक राहिला.

हे वाचताना मला वाईट वाटलं. काही मित्र म्हणाले, असल्या गोष्टी आपल्या कार्यक्रमात सांगू नका. मी मुद्दाम सांगतो आहे. हा उत्तर प्रदेशातल्या खेड्यांचा निष्कर्ष आहे, तो उचलून आपल्या वस्तीला चिकटवता येणार नाही. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जे गेले त्यांनी पदरचं घालूनच अन्यायाला आडवं येऊन दाखवलं होतं. पण ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अन्यायाविरुद्ध बोलले की घर जाळलं जायचं, त्यांच्या हाताला आखडायची सवय लागली तर तो रक्ताचा दोष नाही. ती शिकवलेली गोष्ट आहे, आणि शिकवलेली गोष्ट काढून टाकता येते.

सवय कुठे लागते? ती शाळेच्या पटावरच लागायला सुरुवात होते. शेवटचा प्रयोग पोरांचा आहे, मागे उभ्या असलेल्या मुलांनी नीट ऐका. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी २००३ साली उत्तर प्रदेशातच सहावी-सातवीतले मुलगे घेतले. निम्मे सवर्ण, निम्मे अनुसूचित जातींचे. एका वेळी सहा जण बसायचे, तीन आणि तीन. कागदावर भूलभुलैयाची चित्रं. वाट शोधून पेन्सिलीने रेघ ओढायची, पंधरा मिनिटांत जितकी सुटतील तितकी सोडवायची. सोडवलेल्या प्रत्येक चित्राला एक रुपया. काही गटांत कुणाची जात काय ते उघड केलं नाही. तिथे दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. काडीचा फरक नाही.

दुसऱ्या काही गटांत खेळ सुरू करण्याआधी मोठ्याने वाचलं, मुलाचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, गाव, जात. मुलाने मान हलवून बरोबर आहे म्हणायचं. बाकी सगळं तेच. तीच चित्रं, तोच रुपया, तीच पंधरा मिनिटं. आणि अनुसूचित जातींच्या मुलांनी सोडवलेल्या चित्रांची संख्या घसरली. मुलं तीच, बुद्धी तीच. आपल्यापैकी ज्यांनी वर्गात जात विचारली जाताना उभं राहून उत्तर दिलं आहे, त्यांना ती मान हलवणं म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही.

संशोधक इथे थांबले नाहीत. मुलं का मागे पडली? आपल्याला जमणार नाही असं वाटलं म्हणून, की जमलं तरी ही माणसं आपल्याला नीट देणार नाहीत असं वाटलं म्हणून? त्यांनी मोबदला ठरवण्यात चिठ्ठीचा भाग आणला. चिठ्ठी कुणाची जात बघत नाही. जात मोठ्याने वाचलेलीच होती, ती लपवली नव्हती. तरीही दोन्हीकडच्या मुलांतला फरक नाहीसा झाला.

म्हणजे पोरं चित्राला घाबरली नव्हती. त्यांचा अंदाज मोजणाऱ्या माणसाबद्दलचा होता, आणि तो अंदाज त्यांनी घरी, गावात, शाळेत बघून बांधला होता. चिठ्ठी आली, माणसाची मर्जी बाजूला झाली, आणि त्यांच्या पेन्सिली इतरांइतक्याच चालायला लागल्या.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा बघितलं आहे, आणि आत भोजनदानाची तयारी झाल्याचं कळतंय. ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी जेवताना विचारावेत, मी इथेच आहे.